बोटभर बुटाची भूमिती

कापड सपाट असतं आणि बाळाची टाच गोल. घरी सुई-दोरा घेऊन तान्ह्या बाळाचे कापडी बूट शिवायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत हा पेच समोर उभा राहतो. मला या पेचाचं अजूनही अतोनात कौतुक वाटतं, कारण तो सोडवायला जगातल्या थोर गणितज्ञांनी डोकं लावलं आहे आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तो कागदावर एक रेघही न ओढता सोडवला आहे.

झबलं शिवताना ही अडचण येत नाही. बाळाचं अंग म्हणजे ढोबळमानाने नळकांडं, आणि नळकांड्याभोवती सपाट कापड निमूट गुंडाळलं जातं. टोपडं जरा अडतं, पण नेफ्यात नाडी ओवून चुण्या पाडल्या की भागतं. दुपट्याला तर प्रश्नच नाही. बाळंतविड्यातली एकेक वस्तू अशी सोपी सोपी निघत जाते आणि बुटांपाशी आल्यावर कापड अडून बसतं. चवडा, टाच आणि घोटा असे तीन वेगळे बाक, आणि तेही सगळे मिळून दहा-अकरा सेंटिमीटरच्या आत.

नवी मुंबईत बाळंतविडा आता बऱ्याचदा तयार खोक्यात मिळतो. पण हे शहर वसलंच मुळी गावाकडून आलेल्या माणसांवर. 1970 साली सिडको स्थापन झाली, पुढे मसाल्याचे, धान्याचे, कांदा-बटाट्याचे घाऊक बाजार मुंबईतून वाशीकडे हलले आणि त्यांच्यामागून सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं कोपरखैरणे, घणसोलीत राहायला आली. अशा घरांत गोधडी शिवणारे हात अजून आहेत. मऊ बुटांसाठी लागणारं जवळजवळ सगळं कसब गोधडीतच असतं: जुन्या कापडाची पारख, थरावर थर आणि सरळ धावदोरा.

आता त्या पेचाकडे वळू. जर्मन गणितज्ञ गाऊस यांनी 1827 साली वक्र पृष्ठभागांबद्दल एक सिद्धांत मांडला. त्याचा आपल्यापुरता अर्थ असा की सपाट पत्रा, कागद किंवा कापड जर ताणायचं नसेल, दुमडायचं नसेल आणि कापायचंही नसेल, तर ते गोल पृष्ठभागावर चपखल बसूच शकत नाही. म्हणजे सुटकेचे मार्ग तीनच: ताणा, दुमडा किंवा कापून जोडा. बाळाच्या बुटाचं मला नवल वाटतं ते इथे. तळहातावर मावणाऱ्या त्या वस्तूत हे तिन्ही मार्ग एकाच वेळी वापरलेले असतात.

साधा बूट तीन तुकड्यांचा होतो. खाली तळ, पुढे चवड्यावर येणारा तुकडा आणि मागे टाचेला वेढणारी पट्टी. चवड्याचा तुकडा तळाच्या पुढच्या कडेला शिवायचा असतो, पण त्याची कड मुद्दाम तळापेक्षा लांब ठेवतात. त्या लांब कडेवर बारीक धावदोरा घालून दोरा हलकेच ओढला की जास्तीचं कापड चुण्यांत गोळा होतं आणि मधला भाग आपोआप वर फुगतो. उकडीच्या मोदकाची सपाट पारी कडेला कळ्या पाडताच वाटीसारखी वर येते, तेच इथे घडतं. चुण्या जितक्या बारीक आणि सारख्या, तितका घुमट नितळ. झाली बाळाच्या बोटांसाठी जागा.

मग कापण्याचा मार्ग, म्हणजे खाचा. शिवण घातल्यावर टाक्याच्या बाहेर जो काठ उरतो, त्याला गोलाईवर जागोजाग त्रिकोणी खाचा द्याव्यात, असं शिवण शिकवणारी प्रत्येक बाई सांगते. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते शोधताना जे सापडलं ते इतकं सुंदर आहे की इथे जरा थांबतेच.

समजा तळाची पुढची रुंदी 5 सेंटिमीटर आहे आणि तिथली गोलाई अर्धवर्तुळासारखी आहे. टाक्यांच्या रेषेवर या अर्धवर्तुळाची लांबी साधारण 7.9 सेंटिमीटर येते. टाक्याबाहेर 6 मिलिमीटर काठ सोडला, तर कापलेल्या कडेची लांबी होते 9.7 सेंटिमीटर. फरक सुमारे 19 मिलिमीटरचा. आता मोठ्या माणसाचा बूट घ्या, पुढची रुंदी 9 सेंटिमीटर. टाक्यावर लांबी 14.1, कडेवर 16. फरक पुन्हा 19 मिलिमीटरच! हत्तीला बूट शिवला तरी फरक तेवढाच येईल. तो वर्तुळाच्या आकारावर अवलंबूनच नाही. कड एकूण किती वळली आणि काठ किती सोडला, या दोनच गोष्टींवर तो ठरतो. गोलाई नेमकी अर्धवर्तुळाची असायचीही गरज नाही. अंगठ्याकडे जरा सरळ, करंगळीकडे जरा उतरती असली तरी कडेने एकंदर अर्धा वळसा घेतला की 6 मिलिमीटरच्या काठाला 19 मिलिमीटर जास्तीचं कापड येणारच.

पण हेच 19 मिलिमीटर मोठ्या बुटात 14 सेंटिमीटरवर विखुरलेले असतात, तर बाळाच्या बुटात आठ सेंटिमीटरही नसलेल्या वळणावर त्यांची दाटी होते. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा कापड जास्त. बूट सुलटा केल्यावर हा काठ आत वळतो आणि तळावर सपाट निजला तर आणखी लहान वळणावर येतो, मग जास्तीचं कापड दुप्पट होतं. ते जाणार कुठे? गोळा होऊन आत गाठी बनतात आणि त्या गाठींवर बाळाची बोटं टेकतात. त्रिकोणी खाचा हे जास्तीचं कापड काढून टाकतात. टाचेच्या पट्टीचं गणित उलटं. तिची खालची कड सरळ असते आणि ती तळाच्या गोल कडेवर शिवायची असते, त्यामुळे तिच्या काठाला कापड कमी पडतं. तिथे त्रिकोण न काढता नुसते उभे चिरे द्यायचे, म्हणजे काठ पंख्यासारखा उघडतो. दोन्हीकडे कात्री टाक्याच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबली पाहिजे.

लहान वस्तू शिवायला मोठ्या वस्तूपेक्षा अवघड का जाते, याचं उत्तर या 19 मिलिमीटरमध्ये आहे. ज्यांना वाटतं की बाळाचे बूट म्हणजे सोपं, फावल्या वेळचं काम, त्यांनी एकदा त्या चवड्याच्या वळणावर सुई चालवून पाहावी.

तिसरा मार्ग ताणण्याचा. सुती कापड उभं ओढा, ताणत नाही. आडवं ओढा, फारसं ताणत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, तिरकं ओढा आणि ते हातात वितळल्यासारखं लांबतं. धागे तेवढेच राहतात. विणीतला प्रत्येक इवला चौकोन कलंडून शंकरपाळ्याच्या आकाराचा होतो, एवढंच. म्हणून बुटाच्या तोंडाला जी पट्टी लावतात ती उरेब कापतात, धाग्यांना 45 अंशांत. सरळ कापलेली पट्टी घोट्याच्या वळणावर उभी राहते, सुरकुतते. उरेब पट्टी आतून आखडते, बाहेरून लांबते आणि वळण अंगावर घेते. रशियन गणितज्ञ चेबिशेव यांनी 1878 साली पॅरिसमध्ये चक्क कपडे बेतण्याच्या गणितावर व्याख्यान दिलं होतं. चेंडूसारख्या गोलाला कापडाने मढवायचं तर तुकडे कसे कापावेत, हा त्यांचा प्रश्न होता आणि विणीतल्या चौकोनांचं हे कलंडणं त्यांच्या उत्तराच्या मुळाशी होतं. संभाव्यता आणि मूळ संख्यांवर मूलभूत काम केलेल्या माणसाला शिंप्याच्या कात्रीत गणित दिसलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कापड कुठलं घ्यावं, यावर माझं मत ठाम आहे: सुती, आणि शक्यतो वापरलेलं. आपल्याकडे तान्ह्याचे पहिले कपडे जुन्या, धुवट कापडाचे करायची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. नव्या कापडात खळ असते, विणताना धागे तुटू नयेत म्हणून लावलेली. धुण्या-धुण्यात ती निघून जाते, धागे सैलावतात, जे काही आटायचं ते आटून जातं. जुन्या सुती साडीचा पदर अस्तराला उत्तम. वरून खण लावायचा असेल तर जरूर लावा, तो दिसतोही देखणा, पण त्वचेला लागणारा थर धुवट सुतीच असू द्या. आणि नवं कापड असेल तर बेतण्याआधी धुऊन, वाळवून घ्या. नाहीतर शिवलेला बूट पहिल्याच धुण्यात आखडेल.

सुताचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास लांबायला लागते आणि वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटरची होते, जाडीच्या हजारपटीहून लांब. बोंड फुटून वाळलं की ही पोकळ नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. त्या पिळांमुळेच तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं. यवतमाळच्या काळ्या मातीत एका सरकीवर वाढलेल्या हजारो पेशी घणसोलीतल्या एखाद्या बाळाच्या टाचेला वेढा घालतात, हे खरं आहे आणि तरी पटकन विश्वास बसत नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत कापूस उपयोगी पडतो तोही या पेशीच्या भिंतीतल्या सेल्युलोजमुळे. प्रमाणित हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. बाळाचा पाय घामेजला तर तो घाम जाईल कुठे, हे या दोन आकड्यांवर ठरतं.

पण हे सगळं ज्याच्यासाठी, तो पाय कसा आहे?

मोठ्या माणसाच्या एका पायात 26 हाडं असतात. त्यातली सात घोट्या-टाचेकडची. जन्माच्या वेळी या सातांपैकी टाचेचं आणि त्यावरचं घोट्याचं अशी दोन हाडं घडायला लागलेली असतात, फार तर तिसऱ्याची सुरुवात झालेली असते. बाकी सगळी मऊ कूर्चा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीवरच्या कडक भागात असते तसला पदार्थ. पायाच्या कमानीतलं होडीच्या आकाराचं हाड तर सातांत सर्वांत शेवटी हाड बनू लागतं, साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षात. म्हणजे बाळ बागेत धावत असतं तेव्हाही त्याच्या पायाची इमारत अर्धीमुर्धी असते. तळवा सपाट दिसतो कारण कमानीच्या जागी चरबीची गादी भरलेली असते. ती भीतीची गोष्ट नाही. आणि वाढीचा झपाटा असा की मुलीचा पाय साधारण पहिल्या वाढदिवसाला आणि मुलाचा दीड वर्षाच्या सुमारास, मोठेपणी जेवढा होणार त्याच्या निम्म्या लांबीला पोचलेला असतो. उंचीच्या मानाने पाय केवढा पुढे धावतो!

या कूर्चेला दाबलं तर ती दबते. घट्ट बुटाची तक्रार बाळ करीलच असं नाही. म्हणून मऊ कापडी बुटाचा सगळ्यात मोठा गुण त्याच्या दुबळेपणात आहे: तो पायाला आधार देत नाही, आकार देत नाही, वळण लावत नाही. पाय जिकडे सरकेल तिकडे तो सरकतो. माझ्या लेखी बाळाच्या बुटाने एवढंच करावं.

भारतातच झालेलं एक काम या बाबतीत महत्त्वाचं आहे. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि 1992 साली निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण 8.6 टक्के निघालं, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं, सँडल आणि चपलांमध्ये कमी. यावरून आपल्या कोल्हापुरीची आठवण होते. 2019 साली महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या उष्ण मुलखाने गोल पाय आणि सपाट चामडं हा पेच वेगळ्याच रीतीने सोडवला: चवडा झाकायचाच नाही.

बूट घातल्याने बाळ लवकर चालू लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात भारतातली मुलंही होती, निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका रुंद निघाला. आणि चालायला लागल्यावरची मेहनत पाहा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जो 2012 साली प्रसिद्ध झाला, एक ते दीड वर्षाच्या आसपासची मुलं मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी 2368 पावलं टाकताना आणि 17 वेळा पडताना दिसली. प्रत्येक पावलाला तळव्याची त्वचा जमिनीची खबर मेंदूला देते. त्वचा आणि जमीन यांच्यामध्ये जाड तळ घालणं म्हणजे ती खबर अडवणं.

त्यामुळे घरात बूट नकोतच. आजकालच्या नवी मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी असते आणि नुसत्या सुती तळाचा बूट तिच्यावर घसरतो. उभं राहू लागलेल्या बाळाला या फरशीवर तसले बूट घालू नयेत, हे मी स्पष्ट सांगते. बूट बाहेरसाठी: गार वातानुकूलित मॉलमध्ये कडेवरच्या बाळासाठी, वंडर्स पार्कच्या किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर बसलेल्या, रांगणाऱ्या बाळासाठी. पाऊल टाकू लागलेल्या बाळाच्या बुटाला बाहेरून खरखरीत मऊ चामड्याचा पातळ तळ लावावा. त्याआधीच्या वयाला जुन्या जीन्सचा तुकडा पुरतो, त्याच्या तिरप्या विणीच्या रेघा थोडी पकड देतात.

मापासाठी बाळाचा पाय कागदावर टेकवून पेन्सिलीने कडा काढायच्या, दोन्ही पायांच्या. बाळाचा पाय बोटांकडे सर्वांत रुंद आणि टाचेकडे निमुळता असतो. दुकानातल्या टोकदार बुटाचा नमुना इथे कामाचा नाही. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा सोडा, मग शिवणीचे 6 मिलिमीटर. एका पायाचा कागदी नमुना पालथा घातला की दुसऱ्या पायाचा तयार होतो. भारतीय पायांचं स्वतःचं माप असावं म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने 2021 ते 2022 दरम्यान देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि त्यातून 'भ' नावाची मापपद्धती सुचवली. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाले. त्या पद्धतीतला पहिलाच गट आहे शून्य ते एक वर्षाच्या बाळांचा.

शिवायचं उलट्या बाजूने, पक्क्या हातटिपेने, म्हणजे एक पाऊल पुढे, अर्धं मागे. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. बाहेरचा बूट वेगळा, अस्तराचा वेगळा. बाहेरचा सुलटा करायचा, अस्तर उलटंच ठेवून त्यात बसवायचं. दोन्हींचे कच्चे काठ मग दोन थरांच्या मध्ये कोंडले जातात आणि बाळाच्या पायाला फक्त नितळ कापड लागतं. मध्ययुगीन युरोपातले चर्मकार चामड्याचे बूट असेच उलटे शिवून सुलटे करीत, पण त्यांना त्यासाठी चामडं भिजवून जोर लावावा लागे. मलमल अंगठ्याच्या एका ढकलण्यात वळते.

तोंड मात्र रुंद ठेवा आणि मागे टाचेच्या वर सैलसर इलॅस्टिक घाला. त्याचं कारण बाळाच्या मज्जासंस्थेत आहे. चवड्याला स्पर्श झाला की तान्हं बाळ पायाची बोटं मिटून घेतं, जणू फांदी पकडतंय. हाताच्या मुठीसारखीच ही उपजत क्रिया साधारण पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत टिकते. म्हणजे बूट चढवायला गेलं की पाय त्याच क्षणी मुटका होतो. अरुंद तोंडाच्या बुटात मिटलेली बोटं तशीच दुमडून राहतात आणि बाहेरून कळतही नाही.

शेवटी एक गोष्ट, जी मला सगळ्या भूमितीहून महत्त्वाची वाटते. बुटाच्या आत सुटलेला दोरा किंवा अडकलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. तो आवळत गेला तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे आणि कारण न कळता रडणाऱ्या बाळाची बोटं ते म्हणूनच तपासतात. तेव्हा प्रत्येक वेळी बूट चढवण्याआधी तो उलटा करून आतून बोट फिरवा, सुटे दोरे कापा. मणी, बटणं, घुंगरं लावू नका, बाळ ती तोडून तोंडात घालतं. झोपवताना बूट काढा. आणि दर दीड-दोन महिन्यांनी पाय पुन्हा कागदावर टेकवून मोजा. बोटांपुढची जागा संपली असेल तर बूट कितीही सुबक झाला असला, तरी त्याच दिवशी बाद करा.